बाकाखालचा माणूस

त्या दोघांची पहिली भेट झाली तेव्हा तो बाकाखाली होता. तिला आधी दिसल्या त्या दोन टाचा, मग भुशानं माखलेला एक हात, आणि मग खालून आवाज आला, "तिथे बसू नका."

पण ती बसून मोकळी झाली होती. बाक एका अंगाला कललं, मांडीवरची खडूंची पेटी घरंगळली आणि खडू खोलीभर पांगले.

"सांगत होतो," आवाज म्हणाला.

"बसायच्या आधी सांगायचं ना."

"आधीच सांगणार होतो. तुम्हालाच फार घाई."

तो बाहेर आला. केसांत लाकडाचा भुसा, कानावर पेन्सिल, आणि चेहऱ्यावर असं काही की हा माणूस आता हसणार आहे की हसून झालाय ते कळू नये. त्यानं गुडघ्यांवर बसून एकेक खडू गोळा केला. अख्खे तिच्या पेटीत घातले आणि तुटलेले स्वतःच्या खिशात. तुटलेले सुताराला खुणा करायला चालतात, असं म्हणाला. खुणा करायला त्याच्या कानावर पेन्सिल होती, हे घरी गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

ती जागा म्हणजे वाचनालयाची मागची खोली. पुढच्या दालनात लोक वर्तमानपत्रं वाचत खोकायचे आणि मागच्या खोलीत वर्षानुवर्षं पडून असलेली बारा बाकं होती, बाराही डुगडुगणारी. वाचनालयाच्या समितीनं दुपारी मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग काढायचं ठरवलं, म्हणून बाकं दुरुस्त करायला सुतार बोलावला आणि शिकवायला हिला. सुताराला दोन आठवडे दिले होते, हिला तीन महिने. तीन महिन्यांनी तपासायला एक मोठ्या बाई येणार, एक तास बसणार, आणि पसंत पडलं तर वर्ग चालू राहणार, हिची नोकरी कायम होणार. नाही पडलं तर खोलीला कुलूप.

आणि हिनं दादाकडे परत जायचं. दादाचं पत्र महिन्याला एक यायचं. दादा वाईट नव्हता, वहिनी तर त्याहून चांगली. पण दर पत्राच्या शेवटी तो लिहायचा की तुझी जागा आवरून ठेवली आहे. ती जागा म्हणजे गॅलरीला फळ्या ठोकून केलेला कोनाडा, त्यात वहिनीचं शिलाईयंत्र, पोरांच्या सायकली, आणि उरलेल्या जागेत एक खाट. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे स्वतःची भाड्याची खोली होती, खिडकीला स्वतः निवडलेला पडदा होता. ते पत्र वाचलं की तिला रात्रभर सायकलची घंटी ऐकू यायची.

वर्गात नऊजण होते, पण आवाज तिघांचाच. एक टपालकाका. उभा जन्म टपाल वाटण्यात गेला, आता निवृत्त. इंग्रजी पत्ते नुसते आकार ओळखून पोचवले, आता त्यावर लिहिलं काय होतं ते कळायला हवं म्हणायचे. दुसरी शिंपीणबाई, जिच्याकडे गिऱ्हाइकं इंग्रजी मासिकांतली कपड्यांची चित्रं घेऊन यायची. ही वर्गातसुद्धा काजं-बटणं करत बसायची, मान वर न करता. आणि तिसरी दवाखान्यातली आया, जिला डॉक्टरांपासून रोग्यांपर्यंत सगळे मावशी म्हणायचे. मावशीचं दुखणं साधं होतं. नवे डॉक्टर इंग्रजीत सांगायचे, हे पलंगाखाली ठेवा, ते पलंगावर ठेवा, आणि मावशी बरोबर उलटं करायची. एकदा भांडं पलंगावर आणि रोग्याच्या चपला त्याच्या उशीशी गेल्या, तेव्हा तिला मोठ्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं.

म्हणूनच प्रिपोझिशनचा धडा आला तेव्हा मावशी पहिल्या बाकावर येऊन बसली. हिनं पुस्तकातली व्याख्या फळ्यावर लिहिली. सगळ्यांनी उतरवून घेतली, पाठ केली, घडाघडा म्हणून दाखवली. दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या तर मावशीनं डॉक्टरांना कपाटात घातलं होतं आणि रोग्याला पलंगाखाली. टपालकाकांनी लिहिलं होतं, 'टेबल ऑन बुक.' शिंपीणबाईंनी व्याख्याच पुन्हा लिहिली होती, सुंदर अक्षरात.

त्या दुपारी सगळे गेल्यावर ती फळ्याकडे पाठ करून नुसती बसून राहिली. बाहेर चिवट, बारीक पाऊस होता. कोपऱ्यात रंधा थांबला.

"एक विचारू?" तो म्हणाला. एव्हाना तीन आठवडे झाले होते आणि तो अजून सातव्या बाकाशी होता. "टपालकाकांचं चुकलं कुठे? टेबलावर पुस्तक. आपण असंच म्हणतो."

तिनं सांगितलं. आपल्याकडे 'वर', 'खाली', 'मध्ये' हे शब्द नावाच्या मागे चिकटतात, आणि चिकटताना नाव थोडं वाकवतात. टेबल असतं, त्याचं टेबला होतं, मग वर. इंग्रजीत तो छोटा शब्द आधी येतो, सुटा उभा राहतो, आणि नावाला धक्काही लावत नाही. आणि तो आणि त्याचं नाव मिळून एक जोडी होते. ऑन द टेबल. ती जोडी वाक्यात एकत्रच हिंडते, एकाला सोडून दुसरा जात नाही.

त्यानं थोडा विचार केला. "म्हणजे आपल्याकडे सरसानं चिकटवलेला सांधा, त्यांच्याकडे खुंटीचा."

ती वळून बघायलाच लागली. दोन वर्षं शिक्षकांच्या महाविद्यालयात घालवली, तिथे हे कोणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

"पण बाई, हे फळ्यावर नाही कळायचं. हातात द्या त्यांच्या. मी एक खोकं करतो, उघडझाक करता येईल असं. आणि एक चिमणी. चिमणी आत, चिमणी वर, चिमणी खाली. शब्द लिहून द्या मला."

तिनं यादी करून दिली, प्रत्येक शब्दापुढे मराठी अर्थ. इन, ऑन, अंडर, बिहाइंड, बिट्वीन... तो बोट ठेवून वाचत गेला. शेवटी थांबला.

"हा राहिला. फॉर. साठी. हा कसा दाखवायचा?"

"तो नाही दाखवता येत."

"मग?"

"नुसता समजून घ्यायचा."

"कोणी समजून घेतला नाही तर?"

तिनं उगाचच फळा पुसायला घेतला. फळ्यावर काही नव्हतं. त्यानं यादीची घडी घातली आणि खिशात ठेवली, तुटक्या खडूंबरोबर.

मग बाकं दुरुस्त होत गेली, पण अशा वेगानं की ग्रंथपाल रोज दारात येऊन मोजायचे. आठवं झालं, नववं झालं. बारावं, खिडकीजवळचं, मात्र काही केल्या होईना. कधी लाकूड ओलं असायचं, कधी खिळे चुकीचे आलेले असायचे. टपालकाका म्हणाले की आमच्या खात्यात एखादं पत्र इतकं रेंगाळलं असतं तर तिघांच्या बदल्या झाल्या असत्या. शिंपीणबाई मान खाली घालून म्हणाल्या की काही कपडे असे असतात, शिवून झाले की गिऱ्हाईक यायचं बंद होतं. मावशीनं बाईंना सरळच विचारलं की तुमचे मिस्त्री जेवायला कुठे जातात. माझे कसले मिस्त्री, असं बाई म्हणाल्या आणि कानापर्यंत लाल झाल्या. वर्गाचा त्या दिवशीचा अभ्यास तिथेच संपला.

तपासणीच्या आदल्या दिवशी खोकं तयार झालं. वितीएवढं, चारी कोपरे असे जुळवलेले की सांधा शोधावा लागे. चिमणी अंगठ्याएवढी, मान किंचित वाकडी करून बघणारी. तिनं ती आत ठेवली, बाहेर काढली, झाकणावर बसवली, खोक्यामागे लपवली, आणि एकटीच हसत सुटली. उद्याचा सगळा तास तिनं त्या चिमणीवर बेतला होता, एकेक वाक्य कागदावर उतरवून. आता दादाच्या पत्राची भीती वाटत नव्हती.

"आत्ताच घरी नेते," ती म्हणाली.

"उद्या न्या. पॉलिश राहिलंय."

"असंच छान आहे."

"उघडं लाकूड पाहुण्यांसमोर न्यायचं नसतं."

चार दिवस पाऊस हटला नव्हता. भिंतींना ओल आली होती, पुस्तकांची पानं जड झाली होती. त्यानं तरी पॉलिशचा एक हात दिला, मन भरेना म्हणून दुसरा दिला, चिमणीलाही दिला, चिमणी आत ठेवून झाकण लावलं आणि वरून सैलसा कागद घातला.

दुसऱ्या दिवशी ती खोलीत आली तेव्हा बाराव्या बाकाचा एक पाय काढलेला होता आणि तो त्याला सरस लावत होता.

"आज हे संपवून टाकतो," तो पायाकडे बघत म्हणाला. "मोठ्या बाई येणार, एकही बाक हलायला नको."

बाक संपणार म्हणजे... तिनं मान डोलावली. चांगलंच झालं, असं काहीतरी म्हणाली. आणि छत्री मिटायला दाराकडे वळली, म्हणजे तोंड दिसणार नाही.

मोठ्या बाई तीनला यायच्या होत्या. आल्या अडीचला. वर्ग भीतीनं आधीच येऊन बसला होता, तेवढं एक बरं. रेनकोटातून आणि हातातल्या छत्रीतून पाणी गळतंय, चष्मा पावसानं आंधळा झालाय, अशा त्या आत शिरल्या, उजेडाच्या रोखानं सरळ खिडकीपाशी गेल्या आणि कोणी तोंड उघडायच्या आत बाराव्या बाकावर बसल्या.

बाक पडलं नाही.

तिनं श्वास रोखून खाली बघितलं. जिथे पाय असायला हवा होता तिथे दोन तळहात होते. तो उताणा पडून बाक तोलून धरत होता, मोठ्या बाईंच्या छत्रीचं पाणी टपटप त्याच्या कपाळावर पडत होतं, आणि तो तिच्याकडे बघून फक्त मान हलवत होता. चालू द्या. पुढे जा.

ती पुढे गेली. खोक्यावरचा कागद काढला. खोकं असं चमकत होतं की टपालकाकांच्या तोंडून वा निघालं. तिनं झाकण धरलं आणि उचललं. झाकण निघालं नाही. नखं लावली, टेबलाच्या कडेला टेकवून ओढलं... झाकण आणि खोकं एकजीव झाले होते. खाली बाकाशी दोन डोळे मिटले गेले. रात्री झाकण लावताना जे सुचलं नव्हतं ते त्याला त्या क्षणी सुचलं.

"द बर्ड इज इन द बॉक्स," ती म्हणाली. वर्गानं एका सुरात तेच म्हटलं. आणि पुढे काय? चिमणी वर येणार नव्हती, खाली जाणार नव्हती. कागदावरची सगळी वाक्यं चिमणीबरोबर आत अडकली होती. तिनं खोकंच टेबलावर ठेवलं, टेबलाखाली ठेवलं. वर्ग घाबरून पाठ केल्यासारखा बोलत राहिला आणि चुकत राहिला. मोठ्या बाईंनी चष्मा पुसला, वही काढली, काहीतरी लिहिलं. तिला सायकलची घंटी ऐकू आली.

"अंडर," ती म्हणाली. "मावशी, तुम्ही सांगा. काहीही सांगा. कशाच्याही खाली."

मावशी केव्हापासून एकाच ठिकाणी डोळे लावून बसली होती. ती उभी राहिली आणि तीन महिन्यांतलं पहिलं बिनचूक वाक्य बोलली.

"द मिस्त्री इज अंडर द बेंच."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

"व्हिच बेंच?"

उत्तर येतंय म्हटल्यावर मावशीचा चेहरा फुलला. "अंडर युवर बेंच, मॅडम."

मोठ्या बाई सावकाश वाकल्या.

"उठायचं असेल तर आधी सांगा," खालून अदबीनं आवाज आला. "सरस ओला आहे."

आता त्या ओरडणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्या परत सरळ झाल्या आणि बसूनच राहिल्या. ओठांचा एक कोपरा हलला असेल नसेल. मग त्यांनी वर्गाकडे बघून इंग्रजीत विचारलं की हा माणूस तिथे काय करतो आहे.

आणि वर्ग सुटला. टपालकाका म्हणाले, ही इज होल्डिंग द बेंच. कशानं? विथ हिज हँड्स. केव्हापासून? सिन्स हाफ पास्ट टू, हे मागच्या रांगेतून आलं, जिथून आजवर काही आलं नव्हतं. छत्री कुठे आहे? निअर हिज हेड. पाणी कुठून पडतंय? फ्रॉम द अम्ब्रेला. कुणी व्याख्या म्हटली नाही, कुणी 'टेबल ऑन बुक' म्हटलं नाही. छोटा शब्द आधी, नाव मागून, जोड्या एकामागून एक हातात हात घालून आल्यासारख्या. ती फळ्याशी उभी राहून नुसती ऐकत होती.

मग मोठ्या बाईंनी विचारलं, "अँड व्हाय?"

उत्तर नऊजणांना ठाऊक होतं. शिंपीणबाईंनी दातांनी दोरा तोडला, आणि मान वर न करता म्हणाल्या,

"फॉर अवर टीचर."

तिच्या हातातला खडू पडला. तुटलाही. तिनं खाली बघायचं नाही असं ठरवलं आणि लगेच बघितलं. तो छताकडे बघत होता, कपाळावर पाणी, आणि कान... कानापर्यंत लाल.

मोठ्या बाईंनी वही मिटली. टपालकाकांनी हात दिला, त्या जपून उठल्या, आणि त्यांनी दोन पावलं टाकली तोच बाक धाडकन खाली आलं. टेबलापाशी जाऊन त्यांनी समितीच्या कागदावर सही केली. तिनं उलट्या बाजूनं वाचलं. कायम, असा शब्द होता. तरी तिनं तो दोनदा वाचला.

"तुमच्या टिपणात खोकं होतं," टेबलावरचा तिचा कागद बघत मोठ्या बाई म्हणाल्या.

"आहे. उघडत नाही."

"बरं झालं." दारात रेनकोटाची गुंडी लावताना त्या वळल्या. "पुढच्या वर्षी मात्र बाकाला पाय असू द्या."

वर्ग त्या दिवशी असा भरभर पांगला की जणू पुढच्या दालनात आग लागली होती. मावशीनं जाताना दार ओढून घेतलं, मग पुन्हा थोडंसं उघडं ठेवलं, मग पुन्हा ओढलं.

तो भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही हात मांडीवर निर्जीव पडलेले. तिनं पेल्यात पाणी आणलं, पण त्याला पेला उचलवेना. तिनंच तो त्याच्या ओठांशी धरला. इतक्या जवळून त्याच्या पापण्यांवरचा भुसाही दिसत होता.

"पॉलिश ओलं होतं," तो म्हणाला.

"कळलं."

"बारा वर्षं हे काम करतोय. ओल्या पॉलिशवर झाकण लावायचं नाही, हे शिकाऊ माणसालाही कळतं."

"मग लावलं कसं?"

"रात्रभर पाऊस, खोलीत ही ओल... मला वाटलं चिमणी भिजेल."

तिला हसू आलं, आणि हसता हसता सकाळपासून छातीवर ठेवलेलं ओझं कुणी उचलून नेल्यासारखं झालं, आणि मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तो घाबरला. म्हणाला, पटाशी लावली की आत्ता निघेल झाकण.

"नको. काही करू नका त्याला."

तिनं डोळे पुसले आणि भुशातच त्याच्या शेजारी बसली.

"शिंपीणबाई शेवटी काय म्हणाल्या?" त्यानं विचारलं. "फॉरपर्यंत कळलं."

"तुम्हाला पुढचंही कळलं."

"कळलं. पण चुकीचं कळलं असेल तर... तुमच्याकडून तपासून घ्यावं म्हटलं."

ती पेल्यात बघत म्हणाली, "आमच्या बाईंसाठी, असं म्हणाल्या."

"मग थोडं चुकलंच त्यांचं." तो थांबला. "आमच्या नाही. मी म्हणालो असतो तर तुमच्यासाठी, एवढंच म्हणालो असतो. आजचं तर झालंच. ते बारावं बाकसुद्धा तुमच्यासाठीच."

"किती दिवसांचं काम होतं ते?"

"अर्ध्या दिवसाचं."

"आणि आता?"

"आता तुम्ही सांगाल तेव्हा संपवतो. तुम्ही... नका संपवू म्हणालात, तरी चालेल."

तिनं पेला खाली ठेवला. त्याच्या खिशातून यादीचा कोपरा बाहेर आला होता, खडूनं पांढरा झालेला. तो तिनं बोटानं हळूच आत ढकलला, आणि हात तिथेच राहू दिला.

"संपवा," ती म्हणाली. "उद्यापासून वर्गाला बाक लागेल. आणि तुम्हाला वर्गात यायला बाक दुरुस्तीचं निमित्त कशाला हवं? पाटी-पेन्सिल घेऊन या. दहावी जागा रिकामीच आहे." मग जरा थांबून म्हणाली, "आज दादाला लिहायचंय. कोनाड्यातली खाट काढून टाक म्हणून. आणखी काय लिहू?"

"लिहा की एक माणूस भेटायला येणार आहे," तो म्हणाला. "हात उचलता यायला लागले की."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. खोकं अजून त्यांच्या घरी आहे, खिडकीजवळच्या फळीवर. बायकोच्या केसांची चांदी झाली तरी पॉलिशची चमक गेलेली नाही. येणारा प्रत्येक पाहुणा ते उचलतो, हलवून बघतो, आत काय आहे विचारतो. चिमणी आहे, असं तो सांगतो. मग उघडून दाखवा की, असं पाहुणा म्हणतो, आणि सुताराचा हात सवयीनं पटाशीकडे जातो.

"राहू द्या," ती म्हणते. "पॉलिश अजून ओलं आहे."